बरणीतले सात दिवस

रिकाम्या फ्लॅटमध्ये फवारायला गेलो
तर काचेच्या पेटीत ही, केसाळ, मुठीएवढी.
मालक नोकरी गेली म्हणून रातोरात पळालेला.
नळी हातात होती. चालवली नाही.

आता माझ्या बंकखाली असते. दिलावर तिला बाय म्हणतो.
दुकानातले किडे डबीला बारा दिरहम,
म्हणून सुट्टीच्या रात्री मी चालत निघतो.
अजमानचा नकाशा माझ्या नाकात आहे:
नर्सरीची भिंत मंगळवारी मारली,
मशिदीमागचं गटार काल,
खजुरांच्या रांगेला अजून वास येतो.
हायवेपलीकडे, उंटांच्या कुंपणाशी,
जिथं माझा हात पोचलेला नाही
तिथला नाकतोडा धरतो.

लगेच देत नाही.
सात दिवस बरणीत, गाजराच्या चकतीवर.
लंगडतो का, उताणा पडतो का, बघतो.
मलाही आल्या आल्या असंच ठेवलं होतं,
रक्त घेऊन, छातीचा फोटो काढून,
निकाल येईपर्यंत कॅम्पात, डाळभातावर.

आठव्या रात्री झाकण काढतो.
बाय पुढचे दोन पाय उचलते.
दिलावर भिंतीकडे तोंड करतो.
मी हात तीनदा धुतलेत,
तरी चिमटाच वापरतो.