यरगट्टीचा थांबा

विजापूरहून निघताना त्यांनी दिलं ते एवढंच:
सह्यांची फाईल, वजनाचं कार्ड,
एक फ्रॉक, दुसऱ्याच कुणाचा तरी.
अडीच वर्षांची. मांडीवर टिकेना.
खिडकीच्या गजाला नाक लावून
लोकापूरपर्यंत गप्प.

प्रणितानं जवळ होती तेवढी मराठी वापरून पाहिली
(ती चंदगडची, कानडी तिला बाजारापुरती):
बिस्कीट, बाहुली, चांदोबा.
"ब्याड." पुन्हा "ब्याड."
हे मात्र तिलाही कळलं.

यरगट्टीला चहाला उतरलो.
उसाचा ट्रॅक्टर वळत होता, धूळ होती.
टपरीमागं एक शेळी, कान फाटका.
पोरीनं माझं बोट नाही धरलं,
शर्टाचं टोक धरलं
आणि दुसरा हात पुढं करून म्हणाली, "बा."

प्रणिताचा कप ओठाशीच थांबला.
"ऐकलंत? बा म्हणाली की तुम्हाला!"

मी खानापूरचा. शाळा मराठी, गल्ली कानडी.
बा म्हणजे ये.
शेळीला बोलवत होती ती.

"आलो गं," म्हटलं.

चहाचे पैसे दिले, सुटे मोजून घेतले.
बस हलली तेव्हा शेळी
दोन पावलं पुढं येऊन
रस्त्याच्या कडेला उभी,
तोंडात कसलासा कागद.