शंकरपाळी

पंचफुलेनं पत्ताकोबीचं पान उचललं,
तर त्यातून धूसर दिसला धुऱ्यावरचा पळस.
खाऊन पापुद्रा तेवढा ठेवलेला, काचेसारखा.
अळी मागच्या मागे वळवळली
आणि धाग्यावरून सुटली खाली,
विहिरीत बादली सोडावी तशी.
चिमटीत आला नुसता धागा.

गुणवंतानं एक अळी लोणच्याच्या बरणीत पाळली,
झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून.
आधी जाळीचा कोष.
मग एका सकाळी पतंग,
गव्हाच्या दाण्याहून जरासा लांब, करडा,
आणि मिटल्या पंखांवर पांढुरकी शंकरपाळी.
एकाखाली एक. तीन.

"काहून वं माय,
इतल्याशा पाठीवर कातण कोनं फिरवलं असन?"

पंचफुला काही बोलली नाही.
कोबीच्या पंचवीस ओळी झाल्या की
एक ओळ मोहरीची पेरली होती तिनं,
यांच्यासाठीच.
नको त्या पाहुण्याला
ओसरीवरच जेवू घालावं तशी.

सांजेला बरणी घेऊन ती मोहरीत गेली.
झाकण काढलं.
पतंग काठावरच बसून राहिला
कितीतरी वेळ.

मग तिनं फुंकर मारली.
"चाल," म्हणाली, "वांगे तोडाचे हायेत."