शेरेबुक

ठाण्याच्या तुरुंगात पुन्हा आलो,
या खेपेला टांग्यातून,
देखरेख समितीचा सभासद म्हणून.

दिंडी तीच. वाकावंच लागतं.
जेलर कर्णिक तेच, टोपी नवी.
बेचाळीसला ज्यांनी माझी चप्पल जमा करून घेतली
त्यांनीच आज खुर्ची पुसून दिली.
मला ते आवडलं. याची नोंद कुठे नाही.

शिक्क्यावरचा मुकुट पात्याने खरवडलाय.
कागदावर उमटतो तरी,
टक्कल पडल्यासारखा.

सात नंबरात लाडक्या वरठा.
सरकारी रानातला साग, दोन वासे.
कलम विचारलं. कलमही तेच.
“काही तक्रार?”
तो आधी कर्णिकांकडे बघतो, मग माझ्या बुटांकडे.
“अरे, स्वराज्य झालं. बोल की.”
“आयकलां,” तो म्हणतो,
“पन घर उघडां हाय. वासे देशाल?”

शेरेबुकात वरती
गोऱ्या कलेक्टरची तिरपी सही: ऑल वेल.
खाली जागा आहे. दौत भरलेली.
खाडीकडून भरतीचा वास.

मी लिहितो: दोन वासे.
पुढे काय लिहायचं असतं
ते आम्ही आत होतो तेव्हा
कुणी ठरवलंच नव्हतं.