फ्यूज

ऑर्गनच्या नळ्या गेल्या एप्रिलात नेल्या,
मोजून अकराशे सतरा,
एकेक चादरीत गुंडाळून
दुखणेकऱ्यासारखी ट्रकमध्ये आडवी.
खोलीचा वायू उपसला, जमीन खचली,
माझ्या बाकामागून थेट छतापर्यंत तडा गेला.
दर महिन्याला ग्रोनिंगनहून एकजण येतो,
तड्यावर काचेची पट्टी चिकटवतो,
फुटली की वहीत तारीख लिहितो.
मी इथे एक्केचाळीस वर्षं वाजवलं.
हल्ली किल्ल्या सांभाळतो.

आणि आज फ्राउके आली,
साखर कारखान्यातल्या हार्मची धाकटी,
पाठीवर लांबट पिशवी.
आतून काढली फळी.
फळीच. ना पोट ना पोकळी,
कुंपणाला ठोकावी एवढी रुंद,
तिच्यावर बारा तारा.
कमरेच्या पट्ट्यात आकडा अडकवून
तिने ती छातीशी उभी धरली,
वर कुणी चढलंय आणि आपण शिडी धरलीय, तशी.
ना गज, ना नखी.
दोन्ही हातांची बोटं तारांवर नुसती टेकायची.
टेकली की सूर. उचलली की गेला.

मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू.
तीनशे वर्षांपूर्वी ज्याने हे लिहिलं
त्याच्या डोक्यात वारा होता, भाता होता,
भाता दाबणारं थंडीने काकडलेलं पोर होतं.
खांबाला टेकवलेला काळा खोका नव्हता.

उजव्या हाताने तिने एक गोष्ट सांगितली.
डाव्याने तीच, खालच्या आवाजात, जरा उशिरा,
जेवताना धाकट्याने थोरल्याचं वाक्य पळवावं तशी.
तिसरा आवाज कुठून आला कळेना.
मी बोटं मोजली.
दहाच.
मला दहा बोटं आणि वर दोन पाय होते.

दुसऱ्या पानाच्या शेवटी
मागच्या खोलीत आलिडाने कॉफीचा पिंप लावला.
फट्.
दिवे गेले, खोका मुका.

फ्राउके थांबली नाही.
फेब्रुवारीतला चारचा उजेड, राखाडी,
तिची बोटं तेवढी दिसत होती.
कुणीतरी संपलं समजून टाळी वाजवली,
ती अर्ध्यावरच आवरली.
मग ऐकू आलं,
टप, टपटप, टप,
बोटाचं मांस तारेवर, तार पट्टीवर,
बाजूच्या खोलीत कुणी शेंगा सोलतंय एवढंच.
जाडे कोट पुढे वाकले, करकरले,
मग कोटही गप्प.

मला मात्र सगळं ऐकू येत होतं.
डाव्या हाताचा खर्ज
सरळ माझ्या टाचेत उतरला.
बाकाखालच्या दगडी फरशीवर
बूट आपले आपण सरकू लागले,
टाच, चवडा, टाच,
उजवा डाव्याच्या मागून.
शेजारच्या बाईंनी खाली पाहिलं
आणि आपली पावलं जरा आत ओढून घेतली.

तिसऱ्या पानावर, जिथे चौघे एकदम बोलतात,
तिचं बोट घसरलं.
तिथे मीही घसरायचो.
एक्केचाळीस वर्षं. त्याच जागी.

कुणीतरी खटका वर ढकलला.
आवाज परतला तो वाक्याच्या ऐन मध्यात,
एवढा मोठा की आत एक कप फुटला.
ती होती तिथेच होती,
एका स्वराचाही फरक नाही.

शेवटचा सूर तिने बोटाखाली धरून ठेवला
आणि तो विझत गेला, विझत गेला.
ऑर्गनवर सूर विझत नाही.
हात उचलून तोडावा लागतो.
मी आयुष्यभर तोडत आलो,
असं वाट बघत बसायचं असतं
हे कधी कामातच आलं नव्हतं.

नंतर ती आकडा सोडवत माझ्याकडे आली.
मी काही बरं बोलायची जुळवाजुळव करत होतो.
‘चौथ्या पानावर तुम्ही घाई केलीत,’ ती म्हणाली,
माझ्या बुटांकडे बघत.

कॉफी कोमट होती.
मी दोन कप प्यालो.