कानाडोळा

रोज सकाळी दुकान उघडलं की मी त्याला फसवून बघते.
अंगठा टेकवला की त्याला वाटतं, कान आला.
खिशाचं अस्तर, उशीचा अभ्रा, काउंटरची कड
यांना मात्र भुलत नाही.
इअरबडच्या पोटात मोहरीएवढा डोळा आहे,
तो त्वचेतलं पाणी शोधतो.
दिसलं, तर जागा.
नाही दिसलं, तर दोन सेकंद वाट बघून झोपतो,
चिमूटभर वीज वाचवतो,
आणि कंपनी खोक्यावर ठळक छापते : आठ तास.

वूचमधलं आमचं दुरुस्तीचं दुकान
ट्रामच्या वळणावर आहे. ट्राम वळली की ड्रॉवरमधले स्क्रू बोलतात.
फेब्रुवारीत, बूट झटकत, बोगुमिल शेलिगा आले.
एकोणतीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त केलेले हात,
त्यात पांढरी डबी.
म्हणाले, "हे यंत्र मला ओळखत नाही.
डावा ठीक आहे. उजवा घातला की बाई गप्प होते."

कोण बाई?

नॉर्वेजियन शिकवणारी. धडा चौथा, बाजारहाट.
मुलगी बर्गनला, नातू तिथलाच जन्मलेला,
आजोबांशी फोनवर फक्त हसतो.
"बटाटे कुठे मिळतील, एवढं विचारून ती थांबते.
मी म्हणायच्या आत.
तीन आठवडे मी बटाट्यांपाशीच आहे."

मी काडीला कापूस गुंडाळून काच पुसली.
सॉफ्टवेअर नवं घातलं.
माझ्या कानात घालून पाहिलं : बाई बोलली.
त्यांच्या उजव्या कानात घातलं : गप्प.
तेव्हा कुठे मी नीट पाहिलं.
कानाची पाळी थोडी जास्तच गुळगुळीत, थंडीत लाल न झालेली.
डावा कान टोमॅटोसारखा, उजवा आपला मे महिन्यातला.

"सिलिकॉन," ते म्हणाले. "चार वर्षं झाली.
आधी तीळ होता, मग तीळ राहिला नाही."
आणि टोपी काढावी तसा कान काढून
माझ्यासमोर काउंटरवर ठेवला.

रांगेतली तरुण मुलगी मोबाइलमध्ये बघू लागली.
तिनं केला तो कानाडोळाच. या मोहरीएवढ्या डोळ्याचाही
तोच धंदा. फक्त तो लाजत नाही.
कुणीतरी कुठेतरी शेकडो कान मोजले असतील,
लहान, मोठे, भोकं पाडलेले, केसाळ,
त्या यादीत घडवलेला कान नव्हता. पाणी नाही म्हणजे माणूस नाही.

सेटिंगच्या चौथ्या पानावर, खाली, एक बटण आहे.
मी ते बंद केलं. मग नियमाप्रमाणे समजावलं :
आता हा कधीच आपणहून झोपणार नाही.
काढून ठेवलात तरी बोलत राहील.
आठाचे पाच तास होतील, कदाचित साडेचार.
डबीत घालायला विसरायचं नाही.

"मागांचंही तसंच होतं," ते म्हणाले,
"सुताचा धागा तुटला की आपोआप थांबायचे.
चांगली युक्ती. पण कधी कधी धागा शाबूत असायचा
आणि माग उगाच थांबायचा. मग मला बोलवायचे."
पुढे काही बोलले नाहीत. पाकीट शोधत होते.

एवढ्यात काउंटरवरून बारीक आवाज आला.
इअरबड अजून त्या कानातच होता,
कान रबरी चटईवर, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी,
आणि बाई त्याला विचारत होती, शांतपणे, पुन्हा पुन्हा,
बटाटे कुठे मिळतील.
कुणी ऐकत नव्हतं तरी वीज जळत होती.
बोगुमिल वाकले, आपल्याच कानाजवळ तोंड नेऊन
मोठ्यानं तो प्रश्न म्हणाले. उच्चार भयंकर.
मोबाइलवाली मुलगी हसली, आणि आता तिनं पाहिलं.

फॉर्मवर दोनच चौकोन होते :
दोष उपकरणाचा, दोष ग्राहकाचा.
मी पेन हातात धरून बसले.
बाहेर ट्राम वळली. ड्रॉवर वाजला.
पैसे किती, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, बटण दाबायचे आम्ही घेत नाही.