कमावलेलं

बाटली आली तेव्हा आधी नंबर वाचला, तशी सवयच आहे.
सतराशे बेचाळीस. टाच, उजवी. न भरणारी जखम.
मग नाव: केराप्पा यल्लाप्पा सातपुते,
वय अडुसष्ट, सुभाषनगर.
बाई म्हणाल्या, आज तू राहू दे.
मी म्हटलं, नको.
आमच्या घरचं कातडं आजवर आम्हीच कापलंय.

तुकडा मसुराएवढा, फॉर्मलीनमध्ये रात्रभर मुरलेला.
हा वास डोळ्यांत जातो.
बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा वास
दप्तरात जायचा.
माझ्या बाकावर तिसरी मुलगी कधी बसली नाही.
दोन्ही वास एकच काम करतात
हे मला डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षी कळलं:
धाग्याला धागा बांधून टाकायचा, म्हणजे कुजत नाही.
धावत घरी येऊन सांगितलं.
तो वादी ओढता ओढता म्हणाला,
"मग ह्यात शिकायचं काय हुतं? कमावनंच की."

फरक एवढाच,
की तो वरचा थर केसांसकट खरवडून टाकायचा.
चप्पल म्हणजे नुसता खालचा मजला.
मला काचेवर दोन्ही लागतात.

मेणात बसवला. चाक फिरवलं.
पाच मायक्रॉन; केसाच्या जाडीत असे पंधरा मावतात.
त्याच्या रापीखालून वेटोळं निघायचं,
माझ्या पात्याखालून रिबीन निघते,
कोमट पाण्यावर पसरते.
एक सुरकुती ब्रशने सोडवली. दुसरी सुटेना, राहू दिली.
मग निळा रंग. मग गुलाबी.

भिंगाखाली वरचा थर जाड, पिवळट, मेलेला,
म्हशीनं मान खाली घालावी असा.
पेशी तळाशी जन्मते, वर सरकते,
चपटी होते, आतलं केंद्र हरवते,
महिना-दीड महिन्यात गळून जाते.
म्हणजे मला घासून आंघोळ घालणारे
ते खरखरीत हात
मी पहिलीत असतानाच मोरीतून वाहून गेले.
खालच्या मजल्याचे धागे मात्र वर्षानुवर्षं टिकतात.
तो असलाच तर तिथे असेल.

घामाची नळी मळसूत्रासारखी चढते, मध्येच तुटलेली.
बारक्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजल्यासारख्या.
(चहात गूळ घातला तर ती साखर न्हवं,
हे त्याचं शास्त्र.)
दाब ओळखणारा कांद्यासारखा गोळा
शोध शोध शोधला.
एक सापडला, पापुद्रे सुटलेला.
मज्जातंतू या रंगात नीट दिसत नाहीत.
मला दिसले नाहीत, एवढंच मी सांगू शकते.

गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून
भोवती पेन्सिल फिरवायचा.
पहिल्यांदा घातली की अंगठा दाबून विचारायचा,
दाबतंय का? कुटं दाबतंय?
चेहरा बघायचा, उत्तर ऐकायचा नाही.
आमच्या चपलेला खिळा नसतो, सगळी वादीची शिवण.
खिळा परक्या बुटाचा होता, दुरुस्तीला आलेल्या.
तो टाचेत घेऊन हा बाबा
रंकाळ्यापासून घरापर्यंत चालत आला चैत्रात,
वाटेत दोन ठिकाणी उभं राहून गप्पा मारून.
फरशीवर उमटलं तेव्हा आई ओरडली.
तो मागे वळून बघायला लागला, कुणाचं रक्त.

रिपोर्ट मी लिहीत नाही. मी कापते, रंगवते.
बाई बराच वेळ काच सरकवत राहिल्या.
"तसलं काही नाही," म्हणाल्या.
मग चष्मा काढला. "पण भरेल असंही नाही."

संध्याकाळी तो पाय उशीवर टाकून बसलेला.
"काय म्हनतंय कातडं?"
जाड आहे, म्हटलं.
"पाटीचं म्हनून खपलं असतं का पोटाचं?"
पाठीचं.
खूश झाला. आईला हाक मारून सांगितलं.

पट्टी बदलताना जखमेच्या कडेला
मी अंगठा ठेवला, जरा जोरात.
दाबतंय का?
त्याने आधी माझा अंगठा कुठे आहे ते बघितलं.
मग म्हणाला, व्हय.