चौथा बोल्ट

बागेच्या फाटकावरची पाटी उतरवायला
लेमॉयन पान्हा घेऊन आलाय.
‘आत बंदूक आणू नये.’
गावानं हात वर करून केलेला नियम,
सात विरुद्ध दोन, ओहायोतल्या मार्चच्या थंडीत.
दोनातला एक हात लेमॉयनचा.
मग राजधानीहून पत्र :
हा तुमचा अधिकार नव्हे.
पाटी राहील तितके दिवस दंड.

तीन बोल्ट निघाले.
चौथा गंजलेला, दाद देईना.
तेल सोडून तो घसरगुंडीच्या पायरीवर बसला.
“आज नाही निघाला तर?” खिडकीतून हॅडी क्लार्क.
“तर उद्याचाही भरा.”

शेजारची पाटी, ‘कुत्रे मोकळे सोडू नयेत’,
तिच्याबद्दल राजधानीचं काही म्हणणं नाही.

अंधार पडता पडता निघाला एकदाचा.
लेमॉयननं पाटी गाडीत मागे टाकली.
त्याचं पिस्तूल सीटखालीच होतं,
फाटकाबाहेर. सवयीनं.